आवाज गेलेलं कडवं

हुपरीच्या स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागली तेव्हा अण्णांनी आधी माझी बॅग वर चढवली आणि मग खाली येऊन खिडकीशी उभे राहिले. मला वाटलं, माझे वडील आता नीट राहा, फोन कर, असलं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "तिथं कुणालाबी काय बी सांग. पर त्येवढं कडवं न्हाय सांगायचं." मी हसून मान हलवली. आईनं खिडकीतून डबा दिला आणि दिवस बुडायच्या आत जेव म्हणून तीनदा बजावलं. गाडी हलली तरी अण्णांनी हात हलवला नाही, नुसते बघत राहिले. मुंबईला नोकरीला निघालेल्या मुलीला सांगायची ही काय गोष्ट झाली, असं मला वळणापर्यंत वाटत होतं. वळणानंतर मी विसरूनही गेले.

दर वर्षी टॉकीजात जमणाऱ्या आमच्या मंडळातल्या लोकांना ते कडवं कुठलं हे सांगायला नको. पण हे मी माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्यांसाठीही लिहितेय, म्हणून सांगते. 'पैंजणमाळ' नावाचा एक सिनेमा माझ्या जन्माआधी मुरगूडकडच्या माळावर काढला होता. सगळी गोष्ट गाण्यांतून सांगितलेली. माळावर पैंजण वाजतं आणि त्याच्या मागं गेलेला माणूस परत येत नाही. सिनेमा आला तेव्हा आठवडाभरही चालला नाही. पुढं कोल्हापुरातल्या एका टॉकीजच्या मालकानं हौसेनं परत लावला आणि लोक खुळे झाले. तेव्हापासून दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी तीनचा खेळ ठरलेला. गडहिंग्लजहून माणसं एसटी भरून येतात, बायका पैंजणं घालून येतात, आणि नटांच्या आधी अख्खं टॉकीज संवाद म्हणतं.

लोकांना गाणी पुरती पाठ व्हायच्या आधीच एका पुरात गोदामात पाणी शिरलं आणि जी एकुलती एक प्रिंट उरली तिच्यात शेवटच्या गाण्यातल्या एका कडव्याचा आवाज गेला. चाळीस सेकंद नायिका ओठ हलवते आणि काही ऐकू येत नाही. हे पहिल्यांदा घडलं त्या दुपारी तिसऱ्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून अण्णा उठले आणि त्यांनी ते कडवं म्हटलं. शूटिंगची पैंजणं आमच्याच घरात घडवली होती, ती घेऊन अण्णा तीन दिवस माळावर बसून होते. त्यामुळं त्यांना पाठ असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं. पुढच्या वर्षी त्यांच्या मागून शंभर माणसं म्हणाली, त्याच्या पुढच्या वर्षी सगळं टॉकीज. बायकांनी पाय आपटून ताल धरला. आणि नियम पडला की हे लिहायचं नाही, रेकॉर्ड करायचं नाही. यायचं, ऐकायचं, पाठ करायचं. नियम अण्णांनीच घातला होता.

घरी घुंगरं जोडताना ते हेच गुणगुणायचे. शाळेतून आले की दारातूनच ऐकू यायचं, म्हणजे अण्णा कामाला बसलेत. मला वाटायचं, सिनेमातलं म्हणतायत.

मुंबईत मी एका मालिका काढणाऱ्या कंपनीत लागले. पहिल्या आठवड्यात मी "मी आलो" म्हणाले तर टेबलावरचे सगळे हसले. आमच्याकडं मुली असंच बोलतात हे समजावून सांगण्यापेक्षा "मी आले" म्हणणं सोपं होतं. दिवस बुडायच्या आत जेवणं पहिल्या महिन्यातच सुटलं. साडेनऊला डेस्कवर बसून काहीतरी मागवायचं, ते अकराला यायचं. पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या सीनमध्ये "अगं बाई" कुठं घालायचं एवढंच ठरवत होते. लेखकांच्या त्या खोलीत मला कुणी विचारत नव्हतं, आणि ते मला फार लागत होतं, हे आता कबूल करते.

मग एके दिवशी आमच्या हेडबाईंनी जाहीर केलं की चॅनेल 'पैंजणमाळ' टीव्हीसाठी नव्यानं करणार, एका संध्याकाळचा मोठा कार्यक्रम, सगळी गाणी नव्यानं. फक्त एक अडचण होती. एका कडव्याचा आवाज नव्हता, शब्द कुणाकडं नव्हते. मी हात वर केला. बोर्डाशी गेले, मार्कर घेतला आणि चारही ओळी लिहिल्या. चालही म्हणून दाखवली. कुणीतरी फोन धरून रेकॉर्ड केली. खोलीत टाळ्या पडल्या आणि हेडबाईंनी पहिल्यांदा माझं नाव नीट उच्चारलं. स्टँडवरची खिडकी मला तेव्हा आठवली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आठवली होती.

मंडळातल्यांनो, ते कडवं अण्णांनी दिलं नाही. मी दिलं. हे सांगायलाच बसले होते, पण सुरुवातीलाच सांगायचं धाडस झालं नाही.

बक्षीस म्हणून मला नवं काम मिळालं. प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया वाचायच्या आणि रोज संध्याकाळी एक पान लिहून द्यायचं, लोकांचा मूड काय आहे. पहिली जाहिरात पडली तेव्हा मजा आली. सगळी गावाकडची नावं. आमच्या स्टँडजवळचे चहावाले काका लिहीत होते, "नटी बरी हाय, पर माळावर चालायला पाय पायजेत, मेकप न्हवं." गडहिंग्लजच्या एका मास्तरांनी जुन्या सिनेमातला प्रत्येक सीन आठवून नव्यात काय चुकणार याची यादीच दिली होती. एकानं चॅनेलला टॉकीजमध्ये यायचं आमंत्रण दिलं, "या पावणं, मग कळंल सिनेमा काय असतोय." मी डेस्कवर एकटी हसत होते. पानावर लिहिलं, मूड जिव्हाळ्याचा.

दुसऱ्या जाहिरातीच्या शेवटी नव्या नटीनं ते कडवं म्हटलं. आधी काही तास शिव्या आल्या. मग कुणीतरी एवढंच लिहिलं, "शब्द बाहेर गेलं कसं, ते बघाय लागंल." त्याच्याखाली बाकीच्यांनी नुसतं "व्हय" लिहिलं. व्हय, व्हय, व्हय, पान खाली सरकवावं तितकं. चहावाल्या काकांचंही होतं. आमच्याकडची माणसं तावातावानं ओरडतात तोवर काळजी नसते, आवाज खाली आणतात तेव्हा असते. ऑफिसच्या तक्त्यात या प्रतिक्रियांना रकानाच नव्हता. मी त्या 'उत्सुकता' या रकान्यात टाकल्या आणि पान पाठवून दिलं.

चार दिवसांनी आईचा फोन आला. मंडळाची बैठक झाली होती. कुणी दिलं, असं विचारल्यावर अण्णा उभे राहून म्हणाले होते, "माझ्या घरातनं गेलंय." कुणी वाद घातला नाही, चहा आला, सगळे प्याले आणि उठले. दुसऱ्या दिवसापासून रस्त्यात त्यांना कुणी हाक मारेना.

एवढ्यावर निभावलं असतं. पण जुन्या सिनेमाची गाणी लिहिणाऱ्या कवीच्या मुलीनं वडिलांच्या वहीचा फोटो टाकला. शेवटचं गाणं पूर्ण होतं त्यात. ते कडवं वेगळंच होतं. आमच्या कडव्यातला एक शब्दही त्यात नव्हता. तिनं कुणाला नावं ठेवली नव्हती, फक्त विचारलं होतं की वडिलांच्या नावावर हे कुणाचं घातलंय. खाली आमच्या गावचं एक नाव होतं. त्यानं लिहिलं होतं, "मग म्हातारा येवढी वर्सं काय म्हणत हुता?"

मी आईला फोन लावला. ती म्हणाली, "सिनेमातलं न्हवतंच गं ते. आमचं लगीन झालं तवापास्नं घुंगरं जोडताना ते हेच म्हणायचं. त्या दिवशी टॉकीजात आवाज गेला, खरं कडवं काय आठवंना, आनि त्यास्नी गप बसवलं न्हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या, मग सांगायचं राहून गेलं. लिहिलं तर कुणीतरी कधीतरी पडताळून बघणार, म्हणून लिहायचं नाही हा नियम. मी ऑफिसात बोर्डावर लिहिलं ते सिनेमाचं नव्हतंच, आमच्या घरातलं होतं. मी चोरी केली ती नेमकी कुणाची, हे मला त्या फोनवर कळलं.

यंदा दिवाळीनंतरच्या रविवारी मी गेले. मला वाटलं होतं माणसं येणार नाहीत. टॉकीज गच्च भरलं होतं आणि तेच मला भ्यायला पुरेसं होतं. अण्णा नेहमीच्या खुर्चीवर बसले, शेजारची खुर्ची मोकळी राहिली होती तिथं मी. संवाद कुणी म्हणेना. पैंजणं कुणाच्या पायात वाजेनात. शेवटचं गाणं सुरू झालं आणि ठरल्या जागी आवाज गेला.

मान न वळवता सगळं टॉकीज तिसऱ्या रांगेकडं बघत होतं, हे मला मानेवर कळत होतं. अण्णांचे हात गुडघ्यांवर होते. ते उठले नाहीत. वहीतलं म्हणायचं, टीव्हीवरचं म्हणायचं की अण्णांचं, हे कुणालाच ठरवता येईना, आणि कुणीच काही म्हटलं नाही. पडद्यावर नायिका तोंड उघडत होती, मिटत होती. तिचे ओठ अण्णांच्या शब्दांवर हलतच नव्हते. कधीच हलले नसतील. इतकी वर्षं आम्ही सगळे गाण्यात इतके रमलेलो की कुणी तिच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं. चाळीस सेकंद एवढे मोठे असतात हे मला माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर कुणी वाईट बोललं नाही. माणसांनी आम्हाला वाट करून दिली, जरा जास्तच रुंद. हुपरीच्या गाडीत मी धीर करून म्हणाले, "अण्णा, मी दिलं ते." ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ठाऊक हाय." मग थोड्या वेळानं, "डब्यातलं खाऊन घे. दिवस बुडाय आलाय." मी खाल्लं. घास गिळताना रडले आणि त्यांनी ते बघितलं नाही असं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा उन्हं दारात आली होती. अण्णा अजून कामाला बसले नसतील असं वाटून मी बाहेर आले. ते कधीचे बसले होते. समोर पैंजणाचा अर्धा जोड झाला होता, हात नेहमीसारखे चालत होते, आणि तोंड मिटलेलं होतं. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती. जाहिरात पडल्यापासून हे असंच आहे, असं तिनं हळू आवाजात सांगितलं.

मुंबईत मला कुणी विचारतं, घरची आठवण येते का, तर मी हो म्हणते. खरं म्हणजे मला जे आठवतं ते आता त्या घरात नाही. ते टीव्हीवर लागतं, कुणाच्या तरी फोनवर वाजतं, परवा आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये एक मुलगी तेच गुणगुणत होती, चालसुद्धा अगदी बरोबर. आणि हुपरीत, दारात उभं राहिलं तरी, अण्णा कामाला बसलेत की नाही हे आत जाऊन बघावं लागतं.