नऊ दिवसांचा अर्ज

आमच्या गल्लीतल्या खालाला कुणी 'नाही' म्हटलं की ती पिशवीतून कोरा कागद काढायची. "नाय ना? मंग तेवढं लिहून द्या." रेशन दुकानदारापासून शाळेच्या क्लार्कपर्यंत सगळे या कागदाला वचकून असत. तिला लांबून येताना बघूनच दुकानदाराला संपलेली साखर सापडायची. मी कोर्टाबाहेर टायपिंगला बसतो, त्यामुळे तिचे सगळे अर्ज माझ्याकडे. पाच ओळींच्या अर्जात ती सात दुरुस्त्या सांगायची, आणि वर माझ्याच चहात बिस्किट बुडवायची.

तिचा मुलगा सलीम वाळूजला कारखान्यात कामाला होता. एका सकाळी तो शिफ्टच्या बसला उभा असताना साध्या कपड्यांतले पोलीस त्याला जीपमध्ये घालून घेऊन गेले. कुठं, कशासाठी, कुणी सांगेना. खाला ठाण्याठाण्यांत फिरली. सगळीकडे एकच उत्तर, "आमच्याकडे नाही." आणि या वेळी ते लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं.

मग खाला स्वयंपाकाला लागली. कोठडीतल्यांसाठी घरचे डबे येतात, हे तिला ठाऊक होतं. ती रोज एकेका ठाण्यात सलीमच्या नावाची चिठ्ठी लावून डबा ठेवू लागली. चार ठिकाणांहून तो भरलेलाच परत आला. पाचव्या ठाण्यातल्या नव्या शिपायानं बाकीच्या डब्यांबरोबर तोही आत नेला. परत आला तो रिकामा, आणि झाकणात लसणाच्या पाकळ्या वेचून ठेवलेल्या. सलीम भाजीतला लसूण कधीच खात नाही. खाला हसली, मग रडली, मग थेट साहेबापुढं उभी राहिली.

"पोरगा नाय म्हनता, मंग मेथी कोन खाल्ली?"

"आमच्या शिपायानं खाल्ली असेल."

"व्हय? मंग तेच लिहून द्या."

माझ्या ओळखीच्या वकिलांनी त्याच दिवशी हायकोर्टात धाव घेतली. दुसऱ्या दिवशी सलीम 'सापडला'. कागदावर अटक सापडला त्याच सकाळची दाखवलेली. पुढे केस टिकली नाही, सलीम घरी आला आणि खालानं सगळ्या गल्लीला शिरखुर्मा पाजला. पण आधीच्या नऊ दिवसांची नोंद कुठंच नव्हती. ते नऊ दिवस माझा मुलगा कुठं होता, एवढंच विचारणारा अर्ज ती दर महिन्याला देत राहिली.

गेल्या वर्षी खाला गेली. मला तिची फार आठवण येते. अर्जदार म्हणून आता मी सलीमचं नाव टाइप करतो. ठाण्याच्या दारात तो अजून थांबून दोनदा मागं वळून बघतो, पण पोच हातात पडेपर्यंत तो खिडकीवरून हलत नाही.