मेंब्रेनवरचा चिकटा

गावातला पाण्याचा फिल्टर मंदावला, तर तुम्ही आधी काय तपासता? मशीन, की ते चालवणाऱ्या बाईची जात?

आमचा फिल्टर प्लांट माझी आई चालवायची, बचत गटाकडून. बौद्ध वस्तीतल्या बाईकडे साऱ्या गावाच्या पाण्याची किल्ली, हे काही घरांना पहिल्यापासून रुचत नव्हतं. जार मात्र रोज भरून नेत होते.

उन्हाळ्यात बोअर आटला. पंचायतीनं तळ्याकाठच्या विहिरीची लाइन जोडली. त्या विहिरीत वर्षानुवर्षं बाभळीचा पाला कुजलेला. पाणी कोऱ्या चहासारखं. महिन्याभरात नळाची धार करंगळीएवढी झाली. जालना एमआयडीसीतून मिस्त्री आला. आमच्याकडं पाणी खारं, क्षार साचतात, म्हणून मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, ॲसिडनं धुवायची हीच सगळ्यांची रीत. त्यानं तेच सांगितलं, आईनं तेच केलं. धार आणखी बारीक झाली. पुन्हा धुतली, तर नुसते थेंब.

"ताई, तुम्ही ॲसिड बराबर टाकून न्हाई राह्यल्या," मिस्त्री म्हणाला.

"तुम्ही सांगितलं तेवढंच टाकलं. दोन्ही बारीला."

रांगेतली एक म्हातारी हंडा आपटत म्हणाली, "भलत्यांचा हात लागला की असंच व्हतं."

"मंग मावशी, तीन वर्षं कुणाच्या हातचं पिऊन राह्यल्या?" आई म्हणाली.

लोक हसले. तरी संध्याकाळी सरपंचांनी किल्ली काढून घेतली आणि पंचायतीच्या शिपायाकडं दिली.

मी पत्रकं वाचत, वाटत वाढले. अन्याय दिसला की लिहायचं, हे घरचं वळण. पण मी बीएस्सीही शिकलेय. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला मेंब्रेन बाहेर काढायला लावली. क्षाराचा खडबडीत पापुद्रा कुठेच नव्हता. होता तो तपकिरी, बुळबुळीत चिकटा. तो दोन ग्लासांत घेतला. एकात ॲसिड ओतलं, दुसऱ्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी. ॲसिडात गुठळ्या होऊन तळाला बसल्या. सोड्यात चिकटा विरघळला, पाणी काळपट झालं. म्हणजे कुजक्या पाल्याचा अंश आम्हीच ॲसिड टाकून पडद्यावर घट्ट बसवत होतो!

मिस्त्री खाली मान घालून म्हणाला, "विहीर बदलली हे मला कुणी सांगितलंच न्हाई." त्यानं सोड्याचं पाणी फिरवून मेंब्रेन धुतली. धार आली.

मी किल्ली मागितली. सरपंच म्हणाले, "राहू दे शिपायाकडं. गावाचं मन राखावं लागतं, पोरी."

कसलं मन? पाणी पंचायतीनं बदललं, ॲसिड मिस्त्रीनं सांगितलं आणि काढलं आईला! ती आता त्याच नळावर रांगेत उभी राहते. माझा संताप अजून उतरलेला नाही, उतरूही नये.

तुमच्या गावातही अशी कामावरून काढलेली एखादी बाई असेल. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि तिची चूक काय, ते पंचायतीकडून सहीनिशी लिहून मागा.