कुठं उठावंसं वाटलं?

मी दोन वेळा चुकलो, आणि लोकांना त्यातली दुसरीच चूक माहीत आहे. तिचा व्हिडिओ आहे. बीडच्या टॉकीजमध्ये पडद्यासमोर मी माइक धरून उभा आहे, मागे खुर्चीत फेटा बांधलेला एक म्हातारा माणूस बसला आहे, आणि माझ्या एका वाक्यावर अख्खं थेटर हसतंय. पहिल्या चुकीचा व्हिडिओ नाही. ती दोनच शब्दांची होती आणि ती मी धारूरला, पत्र्याच्या शेडमध्ये, भर दुपारी केली. दुसरी तिच्यातूनच निघाली.

फेटा बांधलेला माणूस म्हणजे आमचे अण्णा. नात्यानं माझे कुणी नाहीत. धारूरचे राहणारे, सिनेमे काढणारे. नवरा ऊसतोडीला गेल्यावर गावात मागं राहिलेल्या एका बाईवर त्यांनी पहिला सिनेमा काढला तेव्हा मी कॉलेजात होतो. नटीच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उन्हात उभं राहायचं, हे माझं काम. त्या सिनेमाला दिल्लीत पुरस्कार मिळाला. त्यातली माणसं आमच्यासारखीच बोलायची. पुण्यात कुणीतरी तक्रार केली की ही भाषा कळत नाही, तर अण्णा म्हणाले, "न्हाई कळली तर दोनदा बघा." हे वाक्य मी पुढं किती ठिकाणी वापरलं त्याला गणती नाही. मी शाळेत मराठी शिकवतो, आणि जिल्ह्यात कुठं सत्कार असला की सूत्रसंचालनाला मला बोलावतात. माझा आवाज चांगला आहे. बढाई म्हणून सांगत नाही, त्या आवाजापायीच पुढचं सगळं घडलं.

अण्णांची एक पद्धत होती. सिनेमा जोडून झाला, पण संगीत वगैरे चढायचं असलं, की ते तो कच्चाच धारूरला आणायचे. भावाच्या शेडच्या खिडक्यांना पोती लावायची, भिंतीला चुना मारायचा, आणि घरच्या चार माणसांना बसवून भिंतीवर सिनेमा दाखवायचा. स्वतः अण्णा भिंतीला पाठ लावून, आमच्याकडं तोंड करून बसायचे. सिनेमा ते बघायचेच नाहीत, आमची तोंडं बघायचे. संपल्यावर कसा वाटला असं कधी विचारायचे नाहीत. एकच प्रश्न असायचा, "कुठं उठावंसं वाटलं?" प्रत्येकानं उत्तर द्यायचं. पहिल्या सिनेमाच्या वेळी मी भीत भीत एक जागा सांगितली होती. तिथं एक गाणं होतं, ते अण्णांनी दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. मी सांगितलं म्हणून एका सिनेमातलं गाणं गेलं, या गोष्टीवर मी तरुणपणाची बरीच वर्षं जगलो.

नंतर त्यांचे सिनेमे पडत गेले. मधल्या वर्षांत त्यांचं नाव फक्त कुणाच्या तरी भाषणात यायचं, आणि बहुतेक वेळा ते भाषण माझंच असायचं. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी अचानक रहस्यपट काढायला घेतला. मला फोन आला. "फौजदार करतो का? बोलायला लई हाय." मी शाळेतून रजा टाकली.

गोष्ट अशी होती. गावचा जनावरांचा डॉक्टर विहिरीत मेलेला सापडतो. गावातल्या प्रत्येकावर संशय. शेवटी फौजदार सगळ्या गावाला विहिरीपाशी जमवतो आणि खुलासा करतो, की मेलेला माणूस डॉक्टर नव्हेच, तो त्याचा जुळा भाऊ, आणि मारलं डॉक्टरनंच. जुळ्या भावाचा त्याआधी सिनेमात मागमूस नाही. हा खुलासा फौजदार विहिरीच्या कडेनं फेऱ्या मारत करतो. शूटिंग उमापूरकडं एका शेतात झालं. गावातल्या बायाबापड्या गर्दी म्हणून दिवसभर उभ्या होत्या, एकदोघींना एकेक वाक्यही मिळालं. मी माझी फेरी मारत बोलत होतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्यालाच मला कळत होतं की हे कुणी ऐकणार नाही. समोरच्या बाया ऐकत नव्हत्या. एक जण पदराआड शेंगा सोलून खात होती.

मग ती दुपार. शेडमध्ये चौघं होतो. अण्णा, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी, अण्णांचे भाऊ आणि मी. पत्रा तापलेला. सिनेमा संपला, पोती बाजूला झाली. भाऊ म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं," आणि सीताफळाच्या बागेकडं निघून गेले. त्यांचं उत्तर नेहमी तेच असायचं. अण्णांनी वहिनींकडं बघितलं.

वहिनी म्हणाल्या, "विहिरीपाशी. तिथं सगळं सांगतच बसलाय. मला उठून चहा टाकावा वाटला."

"तू घरची हायस. तुला माझं कुठलंच आवडत न्हाई."

"मग विचारता कावून?"

अण्णा हसले नाहीत. माझ्याकडं वळले. "तुला?"

त्या माणसाला काय हवं होतं ते मला ठाऊक होतं. सकाळी एसटी स्टँडवर मला घ्यायला आले तेव्हाच म्हणाले होते, "मुंबईचं मुंबई बघून घेईल. बीडात हा आठवडाभर टिकला पायजे. न्हाई टिकला तर मला पुन्हा कुणी कॅमेऱ्याला हात लावू देत न्हाई." विहिरीचा प्रसंग कापता येत होता. निम्म्याच्या वर कापून रहस्य आधीच पेरायचा दुसरा एक रस्ताही त्यांच्या डोक्यात होता. तो ते भावाला जेवताना सांगत होते आणि मी ऐकत होतो. पण विहिरीचा प्रसंग म्हणजे मी. तो गेला की मी दारातून आत येणारा आणि सलाम करणारा फौजदार उरत होतो. शाळेत सगळ्यांना सांगून झालं होतं. बायकोनं माहेरी कळवलं होतं.

मी म्हणालो, "कुठंच नाही."

वहिनी माझ्याकडं बघत राहिल्या. अण्णा म्हणाले, "बघ." ते वहिनींना म्हणाले. विहिरीचा प्रसंग जसाच्या तसा राहिला.

सिनेमा आला तेव्हा बीडच्या टॉकीजमध्ये पहिल्या खेळानंतर अण्णांचा सत्कार ठरला. सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडं. उमापूरकडून एक टेम्पो भरून माणसं आली होती, स्वतःला बघायला. पुढच्या रांगेत माझी बायको, मुलगी, शाळेतले चार शिक्षक. कडेच्या खुर्चीवर वहिनी.

सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या दहा मिनिटांत उमापूरच्या एका म्हातारीचं तोंड पडद्यावर आलं. तिला एकच वाक्य होतं. ते वाक्य कुठल्यातरी शहरी बाईच्या गोड आवाजात बाहेर आलं. अंधारात म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आगं, तोंड माझं हाय, पण बोलतंय कोण?"

थेटर हसलं. त्यानंतर ते हसायचं थांबलंच नाही. जो येईल तो पुण्याच्या आवाजात बोलत होता. 'न्हाई कळली तर दोनदा बघा' म्हणणाऱ्या माणसानं सगळा सिनेमा दुसऱ्यांच्या आवाजात बोलवून घेतला होता. पुढं कळलं की पैसे लावणाऱ्यानं ही अट घातली होती आणि अण्णांनी मान खाली घालून ती मान्य केली होती. मी त्या वेळी एवढंच बघत होतो की विहीर जवळ येतेय.

विहीर आली. मी फेऱ्या मारू लागलो. माझ्या तोंडातून एक जाड, घोगरा, अनोळखी आवाज निघत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजींचा घसा बसला की काय बे?" दुसरा म्हणाला, "बसला न्हाई, काढून घेतला." माझी मुलगी मान खाली घालून हसत होती. बायको हसत नव्हती, ते जास्त लागलं. खुलासा लांबत गेला आणि माणसं उठू लागली. टेम्पोवाली निम्मी माणसं दाराशी जाऊन उभी राहिली. अण्णा पहिल्या रांगेत बसले होते, पण मान वळवून माणसांकडं बघत होते. ती जुनी सवय.

दिवे लागले. अण्णांना वर नेलं, फेटा बांधला, मांडीवर नारळ ठेवला. मी माइक घेतला. काय बोलायचं ते घरून लिहून पाठ करून आलो होतो, त्यात पुरस्कार होता, थर्माकोलचा तक्ता होता, दोनदा बघा होतं. त्यातलं मी काहीच बोललो नाही. बोललो ते हे.

"मंडळी, खुनी कोण ते बाहेर कुणाला सांगू नका, अशी अण्णांची विनंती आहे. मेलं कोण ते मात्र जरूर सांगा. तिकीट काढून आपणच मेलो."

त्या हशाची मला अजून लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी वाटली नव्हती. माझा आवाज मला परत मिळाला होता. अण्णाही हसले. फेट्याखालचं ते हसू मी बघितलं आणि थांबलो नाही. डॉक्टरला एक जुळा भाऊ निघाला, तसा अण्णांनाही असावा, कारण पहिला सिनेमा काढणारे अण्णा हे नव्हेत, असंही मी म्हणालो. त्यावर टाळ्या पडल्या. शिक्षकांपैकी एकानं मोबाइल वर धरला होता.

अण्णांनी मला हातानं खूण केली. दोन शब्द बोलायचे होते. सत्कार झाला की सत्कारमूर्तीचं मनोगत असतंच, आमच्याकडं साधा सरपंचसुद्धा त्याशिवाय खुर्ची सोडत नाही. अण्णा नारळ खाली ठेवून उठायला लागले होते. मी म्हणालो, "वेळेअभावी अण्णांचं मनोगत आपण त्यांच्या पुढच्या सिनेमाच्या वेळी ऐकू."

वेळ भरपूर होता. पुढचा खेळ संध्याकाळी होता. आणि पुढचा सिनेमा नव्हता, हे त्या थेटरात दोघांनाच पक्कं माहीत होतं, ते आणि मी. तिसऱ्या वहिनी. त्या उठून बाहेर गेल्या. अण्णा अर्धवट उठलेले परत बसले.

व्हिडिओ जिल्हाभर फिरला, मग पुण्याला गेला, मुंबईला गेला. सिनेमावर लिहिणाऱ्या कुणीतरी माझंच वाक्य घेतलं आणि वर लिहिलं की हे त्यांच्या स्वतःच्या जिल्ह्यातल्या माणसाचं मत आहे. सोमवारी बीडातलं पोस्टर उतरलं. शाळेत मला वाहवा मिळाली. एका नगरसेवकानं वाढदिवसाला बोलावलं आणि "तसलंच काहीतरी बोला" म्हणाला. मी बोललो.

मी कधी धारूरला जायचं ठरवलं ते नेमकं सांगता येत नाही. बरेच महिने मी स्वतःला समजावत होतो की सिनेमा वाईट होता, आणि वाईटाला वाईट म्हणणं गुन्हा नाही. हे खरंही आहे. पण वर्गात मुलांना निबंध वाचायला लावला की मला त्यांची तोंडं बघायची सवय लागली. कोण कुठं कंटाळतंय ते दिसतं. एक मुलगी वाचत असताना मागचा मुलगा खिडकीकडं वळला, आणि मला एकदम कळलं की त्या दुपारी शेडमध्ये मीही असाच वळलो असणार, आणि समोर अण्णा बसले होते.

सीताफळं उतरायचे दिवस होते. शेडमध्ये, त्याच चुना मारलेल्या भिंतीपाशी, क्रेट रचलेले होते आणि अण्णा एका क्रेटवर बसून फळं वेगळी करत होते. पिकायला आलेली एकीकडं, कडक दुसरीकडं. अण्णा वाळले होते. वहिनींनी मला बघितलं आणि त्या आत गेल्या. पाणी आलं नाही. आमच्याकडं दारात उभ्या असलेल्या वसुलीच्या माणसालासुद्धा पाणी मिळतं.

"ये," अण्णा म्हणाले. "वेळ हाय का तुला?"

मी खाली मान घालून म्हणालो, "अण्णा, थेटरात मी जे बोललो त्याची माफी मागायला आलोय."

अण्णांनी पुढचं फळ उचललं. बोलल्या त्या वहिनी, आतून, दाराआडून. "त्या बोलण्याची माफी कशाला? ते खरंच होतं की. आमी बी मेलोच त्या पिक्चरपायी."

"तू गप बस गं," अण्णा म्हणाले. मग मला म्हणाले, "त्या दुपारी तू भिंतीकडं बघायचा थांबलतास. विहीर आली आन् तू तुझ्या चपलेकडं बघाय लागलास. मला दिसलं होतं."

"मग कापलं का नाही?"

"तू कुठंच न्हाई म्हणालास." त्यांनी एक फळ दाबून बघितलं आणि कडक ढिगात टाकलं. "मला बी तेच ऐकायचं होतं. म्हातारपणी माणूस डोळ्यापेक्षा कानावर जास्त इश्वास ठेवतो. पण तू म्हणाला नसतास तर विहिरीचा भाग मला ठेवता आला नसता."

ते पुन्हा फळांकडं वळले. माझ्यासाठी एवढंच होतं. जा म्हणाले नाहीत, बस म्हणाले नाहीत. मी उभाच होतो. माफी मागून झाली होती आणि ती चुकीच्या गोष्टीची होती. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, हात पुसत, मी कधी जातो ते बघत.

मी म्हणालो, "अण्णा, विहिरीपाशी. माझं बोलणं सुरू झालं तिथंच मला उठावंसं वाटलं होतं. माझा भाग जाईल म्हणून सांगितलं नाही. वहिनी, तुमचं खरं होतं, आणि मी तुम्हाला त्यांच्यासमोर खोटं पाडलं. माझं चुकलं. दोघांचीही माफी मागतो."