परग्रहावरची आई

नव्वदच्या दशकात आमच्या जूचंद्र गावच्या केबलवाल्याने एका रविवारी दुपारी जुना ब्रिटिश सिनेमा लावला. इतका स्वस्तातला की उडत्या तबकडीची दोरी दिसत होती. परग्रहावरच्यांना वेगळा चेहरा द्यायलाही पैसे नसावेत. ते सिनेमातल्या गावच्या माणसांसारखेच दिसायचे आणि गुपचूप एकेकाची जागा घ्यायचे. दोरीला मी खूप हसले, पण त्या चेहऱ्यांना हसता येईना. मी आधीच संशयी पोरगी.

त्याच आठवड्यात समोरच्या नव्या बिल्डिंगमधली बाई घरी आली. आईने तिला विचारलं, "पाणी घेता ना?"

मी कान टवकारले. आमच्या घरात जन्मापासून सगळे 'पानी' प्यायचे. 'पाणी' फक्त शाळेच्या पुस्तकात असायचं. बाई गेल्यावर मी आईची वाटच अडवली.

"मला तहान लागलीय. काय देशील?"

"धपाटा देईन. पानी मडक्यात हाय, हात मोडलं का तुजं?"

आई आमचीच होती.

लग्नानंतर काही वर्षांनी माहेरी गेले आणि दारातूनच म्हटलं, "आई, पाणी दे गं."

तिने तांब्या भरून आणला, पण हातात दिला नाही. आधी माझा चेहरा नीट निरखून पाहिला.