सासूबाईंची मैत्रीभावना

माझ्या सासूबाईंइतकं गप्प न बसणारं माणूस भिवंडीत दुसरं झालं नाही, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. आणि तरीही आमच्या वस्तीच्या विहारात दर रविवारी संध्याकाळी लोकांना गप्प बसवायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होतं. तरुणपणी त्या लूमच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायच्या. त्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय लागली, ती कारखाना सुटला तरी सुटली नाही. त्यांची कुजबुज नाक्यावरच्या रिक्षावाल्याला ऐकू जाते. "डोळं मिटा" असं त्या म्हणाल्या की गल्लीतली क्रिकेट खेळणारी पोरंसुद्धा क्षणभर डोळे मिटत असणार, असा माझा पक्का संशय आहे. ध्यानाच्या या वर्गाला पांढऱ्या साड्यांतल्या बायका आणि ड्युटीवरून परस्पर आलेले काही पुरुष असायचे. त्रिशरण-पंचशील झालं की सासूबाई डोळे मिटायच्या, म्हणजे एक डोळा. दुसरा पहाऱ्यावर. "श्वासाकडं नुसतं बघायचं. ओढायचा न्हाय, तो काय लूमचा पट्टा हाय?" कुणी घोरायला लागलं की, "त्याची समाधी लागली वाटतं. हलवा त्याला." एका निवृत्त मास्तरांनी एकदा धीर करून सांगितलं, "बाई, ध्यान चालू असताना मधेमधे बोलू नये." सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मी बोलले न्हाय तर तुम्ही सगळे मनानं घरी जाल, मास्तर. मी दार धरून बसलेय." मास्तर त्यानंतर कधी बोलले नाहीत, आणि वर्ग चुकवायचेही नाहीत.

पण खरी मजा शेवटच्या मैत्रीभावनेला यायची. त्यात आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग जिवलगाचं, मग नुसत्या ओळखीच्या माणसाचं, मग ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याचं, आणि सरतेशेवटी सगळ्या प्राणिमात्रांचं. हे मनातल्या मनात करायचं असतं. सासूबाईंना मनातल्या मनात काहीच करता येत नाही. न पटणाऱ्या माणसाची पाळी आली की त्या खणखणीत आवाजात म्हणायच्या, "ती पडघ्याची. तिचं भलं होवो. तिला सुख मिळो. आणि तिची जीभ सुधारो." पडघ्याची म्हणजे त्यांची थोरली नणंद, माझ्या नवऱ्याची आत्या. आमच्या लग्नात आत्या चार पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "मांडव भाड्याचा दिसतोय." आता मांडव भाड्याचाच असतो. पण त्या ज्या सुरात म्हणाल्या, त्या सुरावरून दोन्ही घरांचं येणं-जाणं बंद पडलं. माझा मुलगा शाळेत जाऊ लागला तरी ते बंदच होतं.

एका रविवारी वर्ग अर्ध्यावर आला असताना दार हळूच ढकलून आत्या आत आल्या. नातीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला त्या पडघ्याहून एसटीने आल्या होत्या. घराला कुलूप बघून शेजारणीने त्यांना विहारात पाठवलं होतं. मी दारापाशीच होते. मी त्यांना खुणेने मागे बसवलं. त्या दिवशी नेमके सासूबाईंचे दोन्ही डोळे मिटलेले होते. उठून त्यांना सावध करावं, तर घंटा होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही हा नियम त्यांचाच. मी स्वतःचं भलं चिंतलं, आणि त्याची मला गरजही होती.

"आता ज्याच्यावर राग हाय ते माणूस समोर आणा," सासूबाई म्हणाल्या. "मी आणलं. ती पडघ्याची. तिचं भलं होवो. तिला सुख मिळो. आणि तिची जीभ..."

"ऐकू येतंय, वहिनी," मागून आवाज आला.

पलीकडच्या गल्लीतले लूम तेवढे चालू होते. सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. मान तेवढी खाली गेली. आत्यांनी उठायला एक हात जमिनीवर टेकला होता, आणि त्या उठल्या असत्या तर पुन्हा कधी आल्या नसत्या, हे सगळ्या सभागृहाला कळत होतं.

"ऐकतेस तर नीट ऐक," सासूबाई म्हणाल्या. इतका खालचा आवाज त्यांच्याकडे आहे हे मला लग्नानंतर पहिल्यांदाच कळलं. "तिचं भलं होवो. तिचं गुडघं दुखायचं थांबो. तिची नातवंडं सुखात राहोत. आणि ती..." इथे त्यांनी पदर सारखा केला. "ती माझ्या दारात पुन्हा येवो."

"आलेच हाय की," आत्या म्हणाल्या. "तुझ्या दाराला कुलूप हाय."

मास्तर पहिले हसले. मग कुणालाच आवरेना. प्राणिमात्रांचं भलं त्या रविवारी राहूनच गेलं. सासूबाई तिथूनच गुडघ्यांवर सरकत मागे गेल्या आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. बाहेर चपला शोधताना आत्या म्हणाल्या, "पण मांडव भाड्याचाच होता ना?"

"होता. मग?"

"मग काय? आमचा पण भाड्याचाच हाय. बघायला ये."

गेल्या हिवाळ्यात आत्या मोरीत घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मुलगा-सून दोघं वडप्याच्या गोडाऊनमध्ये कामाला, दिवसभर बघणारं कुणी नाही. सासूबाई चार दिवसांची पिशवी भरून गेल्या, त्या अजून आलेल्या नाहीत. फोन केला की मागे दोघींचं भांडण ऐकू येतं, कधी भातावरून तर कधी पंख्यावरून. "ही चालायला लागल्याबिगर मी येत न्हाय," असं सांगून त्या फोन ठेवतात.

रविवारचा वर्ग आता मी घेते. हळू आवाजात, मोजकं बोलते. वर्ग फार शांत झाला असं सगळे म्हणतात, आणि ते खरं आहे. पण रागाच्या माणसाला समोर आणा असं मी म्हणते, तेव्हा चार दिवसांचं सांगून गेलेल्या सासूबाईच दर वेळी माझ्यापुढे येऊन बसतात. तुमचं भलं होवो, आई, मी मनात म्हणते. तुम्हाला सुख मिळो. मग पुढचं काही सुचत नाही, आणि सगळे डोळे मिटून माझी वाट बघत राहतात.