मी काकूंचा आवाज काढायचो

मी फार बोलणारा माणूस नाही. कळमेश्वरच्या एका कारखान्यात लाकडी साचे करायचो. तिथे मशीनच इतकं बोलायचं की माणसाला गरज पडत नसे. कारखाना बंद झाला आणि मी घरामागच्या अंगणात खेळणी करायला बसलो. नागपूरला लकडगंजच्या आरागिरणीतून लाकडाचे तुकडे आणायचे आणि त्यांच्या कोंबड्या करायच्या. हातात धरायची एक गोल फळी, तिच्यावर चार कोंबड्या, चौघींच्या मानांचे दोरे खाली एका लाकडी गोळ्याला बांधलेले. फळी फिरवली की गोळा झुलतो आणि कोंबड्या आळीपाळीनं टकटक दाणे टिपतात.

नमुने शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या कोंबड्या होत्या, शेजारच्या काकूंच्याही होत्या, आणि मधल्या काट्यांना कुंपण समजायला दोन्हीकडची एकही कोंबडी तयार नव्हती. काकू एकट्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. रोज सकाळी त्यांचा आवाज यायचा.

"काहून गा, तुह्या घरचा दाणा सरला का? तुह्या कोंबड्या माही मेथी उकरून राहिल्या!"

मी मान खाली घालून लाकूड घासत राहायचो. बायको आतून ओरडायची, "काकू, तुमचा कोंबडा आमच्या तांदळावर उभा आहे, आधी त्याले बोलवा!"

"पाव्हणा म्हणून आला असंन वं तो! चहा तरी इचारला का त्याले?" मग माझ्याकडे बघून, "मालक मुका आन् त्याचा कोंबडा बोंबल्या. देवानं बराबर वाटून देल्लं."

भांडण संपलं की त्याच काट्यांवरून वाटीभर भाजी इकडे यायची.

हिवाळ्यात नागपूरला हस्तकलेचा मेळा भरतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दुकान मांडून नुसता बसून होतो. लोक फळी हातात घेत, फिरवत, ठेवून निघून जात. बाजूला मडकी विकणारा शेवटी म्हणाला, "भाऊ, काही बोला ना. मयतीले आल्यासारखे काय बसून राहिले?"

मी फळी उचलली. काय बोलावं सुचेना, आणि तोंडातून काकूच निघाल्या. "काहून वं भवाने, घरचा दाणा सरला का?" ही पांढरी आमची, ही तांबडी शेजारची, आणि दोघींचं असं रोजचं. एक बाई हसली. तिच्या मुलानं फळी सोडली नाही. तासाभरात समोर गर्दी झाली. बायको बघतच राहिली. "घरी मीठ पाहिजे म्हणायले तोंड उघडत नाही, आन् इथं पाहा!"

सांगायला जड जातं, पण मला ते आवडायला लागलं. पुढच्या मेळ्यापर्यंत मी सकाळची भांडणं लक्ष देऊन ऐकू लागलो. काकूंना वाटायचं हा ओशाळून मान खाली घालतो. मी शब्द पाठ करत असायचो.

त्याच सुमारास त्यांची लंगडी कोंबडी मुंगसानं नेली. सांज झाली की ती घरात शिरून काकांच्या खुर्चीखाली बसायची. त्या दिवशी काकू काट्यांशी आल्या, पण भांडायला नाही. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "सांजच्याले घरात कोणीतरी कुरकुर करे गा. आता तेबी नाही."

मी मान खाली घालून ऐकलं. आणि मेळ्यात ते वाक्य वापरलं. नेमकं तेच नाही, फिरवून: "आमचे हे गेले वं बाई, आता घरात कुरकुर करायले कोंबडीच राहिली!" हे शेवटी म्हणायचो, कारण यावर लोक सगळ्यात जास्त हसायचे.

एका दुपारी हसणाऱ्यांच्या मागे काकू उभ्या होत्या. डोळे दाखवायला नागपूरला आल्या होत्या आणि मी उपाशी असेन म्हणून कोथिंबीर भरलेल्या सांभारवडीचा डबा घेऊन आल्या होत्या. गर्दी पांगल्यावर त्यांनी डबा कोंबड्यांच्या शेजारी ठेवला. "ताज्या आहेत तवरच खाऊन घ्या," एवढंच म्हणाल्या आणि निघाल्या.

घ्या. मला त्या आजवर कधी अहो-जाहो करत नव्हत्या.

त्यानंतर सकाळ गप्प झाली. आमच्या कोंबड्या मेथीत शिरल्या तर काकू त्यांना हळूच उचलून फाटकाशी आणून देत. "घ्या, तुमची आहे. पाय पाहा तिचा, काटा रुतला वाटते." बायकोनं मुद्दाम आमचा कोंबडा तिकडे हाकलून पाहिला. काकूंनी त्याला दाणे घातले.

मला ते सहन होईना. एका सकाळी फाटकातून गेलो. काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या.

"काकू, माझं चुकलं."

"मी अर्धंच आयकलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "सारं म्हणून दाखवा."

काकूंसमोर, त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच कोंबड्यांदेखत मी काकूंचा आवाज काढला. त्या ऐकत होत्या. मध्येच सूप खाली ठेवलं.

"'भवाने' कोण म्हणते गा कोंबडीले? 'सटवे' म्हणतात. आन् 'वं' इतकी लांब ओढत नाही कोणी. गाडीचा भोंगा आहे का?"

मी सुधारून म्हणत गेलो. कुरकुरीपाशी आलो आणि थांबलो.

"पुढचं?"

"पुढचं नाही म्हणत."

"तिथं तर म्हटलं."

"हो."

त्या बराच वेळ तांदळातला खडा शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते तुले सांगितलं होतं. लोकायले नाही."

"आता नाही म्हणणार, काकू."

"बाकीचं म्हण. लेकरं हासतात त्यानं. पण 'सटवे' म्हणजो."

मी अजून मेळ्यात जातो आणि 'सटवे' म्हणतो. काकू पुन्हा भांडतात, मेथीवरून, कोंबड्यावरून, आमच्या घरच्या आळसावरून. फक्त कधी कधी वाक्य अर्ध्यात सोडून माझ्याकडे बघतात. हे मेळ्यात नाही म्हणणार, अशी मी मान हलवतो. तेव्हा कुठे त्या पुढचं बोलतात.