पहिल्या रांगेतला पाटील

गोदाअक्का कुठंही गेल्या की आधी तिथला पाटील हुडकायच्या. पाटील म्हणजे त्या जागेतला सगळ्यात वजनदार माणूस. तो सापडला की सगळ्यांदेखत त्याची टोपी उडवायची, बाकीचं मग. मी त्यांना इथे कॅनडात, रिचमंड हिलच्या क्लिनिकमध्ये पहिल्यांदा घेऊन गेले, तेव्हा डॉक्टर आत आल्या आल्या त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाल्या, "केवढा वाळलाय गं! ह्यालाच आदी सलाइन लावा म्हनावं." मी घाबरत घाबरत ट्रान्सलेट केलं. डॉक्टर इतका हसला की बीपी बघायचंच विसरला.

"पाटलाला चिडवल्याबिगर खेळ उभा ऱ्हायचा न्हाय," त्या आपल्या तमाशाच्या दिवसांतलं सांगायच्या. "त्याला सोडला तर त्यो रुसायचा. म्हनायचा, आमी काय मेलो हुतो व्हय?"

मी त्यांच्या मुलाच्या, दिलीपदादांच्या, बेसमेंटमध्ये भाड्यानं राहते. मी नागपूरची, मला वाटायचं आपल्यासारखं फटकळ कोणी नसेल. बाप्पा! अक्कांनी आठवड्याभरात माझा माज उतरवला. मी ड्राइव्हवे शोव्हल करत असले की त्या खिडकीतून कॉमेंट्री करायच्या, आणि बर्फ राहायचं बाजूला, मी फावडं टेकून हसत बसायची. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. आता बर्फ पटकन काढून होतं, आणि मला ते मुळीच आवडत नाही.

अक्का पोरवयात तमाशाच्या फडात आल्या त्या गाण्यासाठी. गळा पहाडी. पण बाईनं गावं, नाचावं. हसवायचं काम पुरुषांचं. गवळणींना दटावणारी मावशीसुद्धा लुगडं नेसलेला बाप्याच असायचा. एकदा मावशी करणारा गडी तापानं फणफणला आणि अक्का पदर खोचून उभ्या राहिल्या. लोकांची हसून मुरकुंडी वळली. खेळ संपल्यावर मात्र पैजा लागल्या, की ही बाई नव्हेच! "बाई आसून येवढं हसवती व्हय, म्हनं. मी म्हनलं, घरी जाऊन बायकोकडं नीट बघा. ती रोज हसतीया तुमाला." तेव्हापासून फडातली मावशी म्हणजे गोदा. पुढे रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात गाणी झाली, गमतीचे संवाद झाले. कृष्णधवल सिनेमात भांडखोर भाजीवाल्या झाल्या. "माझं तोंड नीट दिसायच्या आत हिरविनीचं गानं यायचं मेलं!"

आणि इथे? इथे दिलीपदादांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की आई शाळेत संगीत शिकवायची. माणूस वाईट नाही हं. ऑफिसातून आला की आईचे पाय चेपणारा मुलगा. पण लहानपणी 'तमासगिरणीचं पोर' ऐकून ऐकून त्याचं मन पोळलं होतं. इथल्या मराठी मंडळातल्या बायका अक्कांना 'टीचर' म्हणायच्या. अक्काही निभावून न्यायच्या. "व्हय तर! लई वाह्यात पोरं हुती माझ्या वर्गात. मिशावाली."

मला मात्र एकदा कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "पोरी, ल्येकाची लाज मला कळती. पर लोकांस्नी हसवून हसवून त्याला इंजनेर केला, आन् त्यानं त्ये हसवनंच पुसून टाकलं. माझं दुसरं हाय काय?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच टोला: "कांदा मी चिरतीया का तू?"

दोन वर्षांपूर्वीची संक्रांत. नॉर्थ यॉर्कच्या हॉलमध्ये मंडळाचा कार्यक्रम होता आणि मॉन्ट्रियलहून येणारे गायक स्नोमुळे हायवेवर अडकले. तिळगूळ वाटून संपला, पोरं "कॅन वी गो होम?" करायला लागली. अध्यक्ष दिलीपदादा पहिल्या रांगेत घाम पुसत बसलेले. मी अक्कांकडे बघितलं तर त्या केव्हाच स्टेजकडे निघाल्या होत्या. दादा कळवळून म्हणाले, "आई, एखादं भजन म्हण फक्त."

अक्कांनी गवळण घेतली. त्या वयातही असा आवाज लागला की मागे फोन बघणारे ताठ बसले. गाणं संपलं, आणि त्यांनी पदर खोचला, कमरेवर हात ठेवला. मला पुढचं ठाऊक होतं. खेळाची रीतच अशी, की मावशीनं पाटलाला 'तुमी कुणाचं?' विचारायचं, पाटलानं उठून बापाचं नाव सांगायचं आणि मावशीनं त्यावर टोला हाणायचा.

"आवो अध्यक्ष! तुमी कुणाचं?"

हॉल खो खो हसला. ते कुणाचे हे काय कुणाला माहीत नव्हतं? दादा उठले. चेहरा लालबुंद. मला वाटलं, आता हे तडक बाहेर जाणार आणि माय-लेकांचं कायमचं फाटणार.

"मावशीचा," ते म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हणाले, "मी तमाशातल्या मावशीचा. माझी आई शाळेबिळेत कधीच नव्हती. फडात लोकांना हसवायची ती. त्यावरच मी शिकलो."

लोकांना वाटलं, मायलेकांनी बसवूनच आणलंय. टाळ्यांचा कडकडाट झाला. अक्कांनी टोला हाणायला तोंड उघडलं. पण टोल्याऐवजी त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला आणि त्यांचे खांदे गदगदू लागले.

"ॲक्टिंग काय मस्त करतात नाही टीचर!" माझ्या शेजारची बाई टाळ्या वाजवत म्हणाली.